अभ्यासिकेतील थेट व्याख्यानांसाठी व्हीएलसी आणि मॅनेज्ड स्विच : वापरानंतरचा अभिप्राय

सदाशिव पेठेतील आमच्या अभ्यासिकेत तळमजल्याच्या सभागृहात चाललेले स्पर्धा परीक्षेचे व्याख्यान वरच्या मजल्यांवरील ४० संगणकांवर त्याच वेळी दाखवावे लागते. पूर्वी प्रत्येक संगणक सर्व्हरकडून स्वतंत्रपणे व्हिडिओ मागत असे. ४ एमबीपीएसचा (सेकंदाला ४ मेगाबिटचा) एक व्हिडिओ तसा किरकोळ, पण सगळे जोडले गेले की मागणी १६० एमबीपीएसवर जाई आणि मजल्यांना जोडणारी १०० एमबीपीएसची लाइन तिथेच कोंडत असे. फळ्यावरचे गणित दिसेपर्यंत व्याख्याते पुढच्या उदाहरणावर गेलेले असत.

आता प्रक्षेपण मल्टिकास्टने, म्हणजे एकच प्रत एकाच वेळी अनेकांना पाठवण्याच्या पद्धतीने होते. त्यासाठी व्हीएलसी हा मोफत प्रोग्रॅम आणि आयजीएमपी स्नूपिंगची (कोणत्या संगणकाला व्हिडिओ हवा हे टिपण्याची) सोय असलेले मॅनेज्ड स्विच, म्हणजे संगणक जोडणारी आणि सेटिंग बदलता येणारी उपकरणे, वापरले आहेत. व्हीएलसीचा उगमच १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ पोहोचवण्यासाठी हाती घेतलेल्या प्रकल्पात आहे, त्यामुळे हे काम त्याला सहज जमते. सर्व्हर २३९ ने सुरू होणाऱ्या, अंतर्गत वापरासाठी राखलेल्या पत्त्यावर व्हिडिओची एकच प्रत पाठवतो आणि पाहणारा व्हीएलसीमध्ये त्या पत्त्याआधी @ हे चिन्ह लिहून तो उघडतो. पाहणारे १० असोत की ४०, मजल्यांमधल्या लाइनवर भार ४ एमबीपीएसच राहतो. व्याख्यान आता शेवटच्या बाकापर्यंत अखंड पोहोचते, याचे मनापासून समाधान वाटते.

खरी कसोटी मात्र स्विचची आहे. साधा स्विच मल्टिकास्टचा व्हिडिओ सरसकट सगळ्या पोर्टवर सोडतो, म्हणजे कार्यालयातल्या प्रिंटरलासुद्धा तो विनाकारण झेलावा लागतो. स्नूपिंग असलेला स्विच कोणत्या संगणकाने पाहणाऱ्यांच्या गटात सामील होण्याचा निरोप पाठवला हे टिपून फक्त त्याच पोर्टवर व्हिडिओ देतो. पण ही नोंद टिकवायची तर ‘अजून कोण पाहत आहे?’ असे ठरावीक काळाने विचारणारा क्वेरिअर नेटवर्कवर असावा लागतो, आणि आमच्यासारख्या बंदिस्त नेटवर्कवर ते काम आपोआप कोणी करत नाही. जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाने तो सुरूच केला नव्हता. परिणामी व्हिडिओ उत्तम सुरू होई आणि चार मिनिटांच्या थोडे पुढे गेल्यावर थांबे, कारण प्रमाणित वेळेनुसार सभासदत्वाची नोंद २६० सेकंदांनी पुसली जाते. केबली बदलून पाहण्यात बराच वेळ गेला. अखेर एका स्विचवर क्वेरिअर सुरू करताच अडचण मिटली.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीचा भाग मिळत नाही आणि वाटेत हरवलेले पॅकेट (व्हिडिओचा तुकडा) पुन्हा मागवले जात नाही. वाय-फायवर तर ही पद्धत टाळावीच, कारण तिथे मल्टिकास्ट सहसा सर्वांत कमी वेगाने आणि पोचपावतीशिवाय जाते. मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी आम्ही जुनी स्वतंत्र जोडणीच ठेवली आहे.

पुण्याच्या तपकीर गल्लीत स्विच घ्यायला जाणाऱ्यांनी केवळ स्नूपिंग आहे का एवढे विचारून थांबू नये. अनेक स्वस्त स्विचमध्ये स्नूपिंग असूनही क्वेरिअर नसतो, म्हणून त्याची सेटिंग दुकानातच उघडून दाखवायला सांगावी.