उपवास धरावा की जेवणाच्या वेळा आवराव्यात?

वजन किंवा साखर आटोक्यात आणायची म्हणून या दोहोंपैकी एक निवडत असाल, तर आधी एवढंच बघा: खाणं दिवसा होणार की रात्री? १६:८ पद्धतीत सगळं जेवण आठ तासांत उरकायचं. उरलेल्या सोळा तासांत पाणी चालतं. हे आठ तास सकाळकडे सरकवले तर फायदा जास्त, कारण इन्सुलिनचं काम दिवसाच्या पूर्वार्धात चांगलं चालतं. २०१८ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांनी पाच आठवडे दुपारी तीनच्या आत शेवटचं जेवण घेतलं. वजन न घटताही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, रक्तदाब उतरला. माणसं मात्र आठच होती, हे विसरू नका.

रमजानचा रोजा नेमका उलटा. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही, जेवण रात्री, आणि सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, उठायचं म्हणून झोप अर्धवट. महिन्याभरात साधारण किलोभर वजन उतरतं, पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक भरून येतं. महिन्यातून दोनदा येणाऱ्या एकादशीने वजनावर टिकाऊ परिणाम होईल अशी आशा धरू नये. त्या दिवशी तळलेलं आणि गोड जास्तच खाल्लं जात असेल तर मुळीच नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मात्र वर्षातले १८० ते २०० दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात आणि त्यांचं कोलेस्टेरॉल खरोखर उतरतं. तिथे घड्याळाचा संबंधच नाही, ताट बदललेलं असतं.

१६:८ चाही गाजावाजा फार झालाय. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ व्यक्तींच्या वर्षभराच्या चाचणीत दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले होते. वेळ पाळणाऱ्यांचं वजन ८ किलो घटलं, न पाळणाऱ्यांचं ६.३, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

तरीही हेतू निव्वळ आरोग्याचा असेल तर माझा कौल संध्याकाळीच जेवण आटोपणाऱ्या १६:८ ला. श्रद्धेने उपवास करत असाल तर जरूर करा, पण त्याच्याकडून औषधाचं काम मागू नका.

मधुमेह असेल तर दोन्हींत जपा. तेरा देशांतल्या एका मोठ्या पाहणीत रमजानमध्ये साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचं प्रमाण टाइप २ च्या रुग्णांत साडेसात पट वाढलेलं दिसलं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या चालू असतील तर डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. घाम फुटला, हात थरथरले, साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली, तर उपवास त्याच क्षणी सोडा. आजारी माणसाला रोज्यातून सूट कुराणानेच दिली आहे.