लिस्बन मेट्रोच्या टाइल्स: रोज ये-जा केल्यानंतरचा अनुभव

नोकरीनिमित्त लिस्बनला येऊन वर्ष होत आलं. घर इंतेंदेंतला, ऑफिस ओरिएंतला, मध्ये अलामेदाला गाडी बदलायची. म्हणजे इथल्या मेट्रोच्या टाइल्स मी पासधारक म्हणून रोज बघते, पर्यटक म्हणून नाही. स्टेशनला टाइल्समधून ओळख द्यायची कल्पना मला मनापासून पटली आहे. पण रोज बघून काय मुरतं आणि काय विटतं, हे काही महिने काढल्याशिवाय कळत नाही.

आधी स्टेशनच्या ओळखीचं बोलू. आई इथे राहायला आली होती. तिला पोर्तुगीज येत नाही आणि मेट्रोच्या नकाशाची तिला धास्ती. लारांजैरासला राहणाऱ्या मैत्रिणीकडे तिला एकटीला जायचं होतं. मी सांगितलं, "पांढऱ्या स्टेशनवर गाडी बदल. पुढे भिंतीवर प्राणी दिसले की उठून दाराशी ये. संत्री दिसली की उतर." पांढरं म्हणजे बायशा-शियादु, वास्तुकार आल्वारो सिझा यांचं, पांढऱ्या टाइल्सनी मढवलेलं. प्राणी म्हणजे झार्दिम झुऑलॉजिकु, तिथे चित्रकार झूलिउ रेझेंद यांनी जंगल रंगवलंय. संत्री म्हणजे लारांजैरास, ती चित्रकार सा नोगैरा यांची. आई बरोब्बर पोचली, आणि नंतर आठवडाभर एकटीच फिरली! स्टेशनचं नाव वाचता न येणाऱ्यालाही आपण कुठे आलो ते कळावं, यापेक्षा सार्वजनिक इमारतीच्या भिंतीने आणखी काय करायचं?

मेट्रो सुरू झाली 29 डिसेंबर 1959 ला. स्टेशनांचे वास्तुकार फ्रांसिश्कु केइल दु अमाराल. जागा जमिनीखालची, पैसा मोजका. भिंतींचं काम त्यांच्या पत्नी, चित्रकार मारिया केइल यांनी टाइल्समध्ये केलं. तेव्हा आधुनिक वास्तुकलेत टाइल्स म्हणजे जुनाट समजल्या जायच्या. तरी त्यांनी एकूण 19 स्टेशनं केली. त्यात माणसं नाहीत, गोष्ट नाही, आहे ती शुद्ध भूमिती. 1966 चं इंतेंदेंत त्यातलं सर्वांत उत्तम मानतात, आणि ते माझ्या वाट्याला आलं हे माझं भाग्यच.

खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. चित्रांची स्टेशनं आधी आवडली. काइश दु सोद्रे स्टेशनच्या भिंतीवर घड्याळ घेऊन धावणारा ससा आहे, बघताक्षणी कोणालाही आवडेल. 'पार्क' नावाच्या स्टेशनची भिंत गडद निळी, तिच्यावर मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याचा मजकूर. दोन्ही सुंदर. पण चित्र एकदा पाहून झालं की डोळे ते ओळखतात आणि पुढे जातात. इंतेंदेंतच्या भौमितिक आकृतींचं तसं होत नाही. गाडीला चार मिनिटं असली की मी अजूनही एखादा कोपरा धरते आणि आकार कुठून कुठे वळतो ते शोधत बसते.

जवळ जाऊन बघा. एकेक टाइल साधारण 14 सेंटिमीटरची, चौरस. एकीवरून दुसरीवर जाणारी रेघ सांध्यापाशी केसभर सरकलेली असते. झिलई कुठे जाड बसलेली, कुठे पातळ, त्यामुळे एकच रंग शेजारच्या टाइलवर जरा गडद दिसतो. छापील विनाइलच्या भिंतीला हा जिवंतपणा कधी येणार नाही. या टाइल्स व्हियूवा लामेगु कारखान्याच्या. कारखाना 1849 चा, आणि त्याची टाइल्सनी भरलेली जुनी दर्शनी भिंत स्टेशनमधून वर आलं की चौकातच दिसते. स्टेशन आपल्या वस्तीचंच वाटतं, ते यामुळेही.

तक्रारी आहेत. टाइल आवाज परतवते. गर्दीच्या वेळी फलाटावर फोनवर बोलणं अशक्य होतं. एखादी टाइल फुटून नवी बसवली की तिचा रंग सहसा जुळत नाही आणि तो एक चौकोन कायमचा डोळ्यात खुपतो. सगळ्यात वाईट म्हणजे नूतनीकरणात मारिया केइल यांच्या काही भिंती कायमच्या गेल्या. भिंतच जर स्टेशनची ओळख असेल, तर विस्ताराचं काम काढताना ती आधी वाचवायला हवी होती. त्या भिंती जाऊ दिल्या, हे मला अजिबात पटलेलं नाही.

ओरिएंतबद्दल लिहायलाच हवं. 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते बांधलं, तेव्हा जगभरच्या चित्रकारांकडून भिंती करवून घेतल्या. जपानच्या यायोई कुसामा आहेत, ऑस्ट्रियाचे हुंडर्टवासर आहेत, आणि आपले एस. एच. रझा आहेत! नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट उभारणाऱ्यांपैकी एक. त्यांचं काम गॅलरीत नाही, ऑफिसला धावणाऱ्यांच्या वाटेवर आहे. सोमवारी सकाळी तिथून जाताना मला बरं वाटतं.

आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावतात, कोणी थुंकू नये म्हणून. टाइलमुळे माणूस भिंतीशी नीट वागतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. मग एखाद्या एसटी स्टँडला त्या गावाची म्हणून टाइल का करू नये? आकृती तिथल्याच कलाकाराने काढावी, आणि बसवतानाच शे-दोनशे जादा टाइल्स भाजून गोदामात ठेवाव्यात, म्हणजे पुढे रंग जुळेल.

कोणी लिस्बनला येणार असेल तर चोवीस तासांचं तिकीट काढा आणि रविवारी सकाळी निघा, फलाट रिकामे असतात. इंतेंदेंत आधी बघू नका. ससा, संत्री, जंगल सगळं बघून झाल्यावर शेवटी तिथे उतरा आणि दोन-तीन गाड्या सोडून द्या.