‘किडनी परत चालू करून देतो’ म्हणणारा घरी येत असेल, तर दार उघडू नका

बासष्ट हजार आठशे पन्नास रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण शेवटी तोच विचारतो. आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुत्र्यासाठी?’ हो, कुत्र्यासाठी. ज्यांना यात हसू येतं त्यांनी पुढे वाचू नये. ज्यांच्या घरी म्हातारं, आजारी जनावर आहे त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण तो माणूस अजून नागपुरातच फिरून राहिला आहे, याची मला खात्री आहे.

हिशेब असा. घरी येण्याचे १,५००. चार इंजेक्शनं, प्रत्येकी ८,५००, म्हणजे ३४,०००. रक्ततपासणी २,३५०. ‘स्टेम सेल’चा ॲडव्हान्स २५,०००. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

बंड्या आमचा तेरा वर्षांचा. पांढरा स्पिट्झ, ज्याला आपल्याकडे सगळे पॉमेरियन म्हणतात तो. मार्चपासून पाणी फार प्यायला लागला. मानेवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी कोण पीत नाही, म्हणून आम्ही कूलरची दिशा त्याच्याकडे केली आणि सोडून दिलं. मग वजन उतरलं, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला वास यायला लागला. (म्हातारं कुत्रं अचानक जास्त पाणी पिऊ लागलं आणि जास्त मुतू लागलं, की ऋतू कोणताही असो, रक्त तपासा.) नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात साठत जातं ते) ६.८. कुत्र्यांमध्ये ५ च्या वर गेलं की शेवटची पायरी धरतात. डॉक्टर स्पष्ट बोलले. किडनीचा जो भाग गेला तो परत येत नाही. सलाईन, फॉस्फरस कमी असलेलं खाणं, उलटीचं औषध, आणि उरलेले दिवस त्याला बरे जातील एवढं पाहायचं.

या सरळ बोलणाऱ्या माणसाचा मला राग आला. आणि जो खोटं बोलला, त्याला मी घरात बसवून चहा पाजला.

खर्चाचंही सांगतो, कारण फसवणारा तिथूनच आत शिरतो. सलाईनचे एका वेळचे सहाशे, वर ऑटोचं जाणं-येणं, किडनीच्या कुत्र्यांचं वेगळं खाणं, तपासण्या. पेन्शनीत हे बसत नाही. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे आणि तिथे खर्च कमी येतो, हे मला माहीत होतं. पण मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना, उलट्या करणाऱ्या कुत्र्याला मांडीवर घेऊन मानेवाड्याहून ऑटोनं तिथपर्यंत जायचं म्हणजे त्याचा जीव वाटेतच जाईल असं वाटायचं. अशा वेळी कोणी सांगितलं की ‘एक डॉक्टर घरी येतात’, तर तुम्ही काय केलं असतं, हे आधी स्वतःला विचारा.

नंबर मिळाला सकाळी मैदानावर कुत्रं फिरवणाऱ्या एका गृहस्थांकडून. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या लॅब्रॅडॉरला खाज होती आणि ती याच्या इंजेक्शननं खरंच थांबली होती. स्टेरॉइडनं खाज थांबतेच. ते काय दिलं होतं, हे त्यांनीही विचारलं नाही.

माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात निळी आइसबॉक्स. व्हॉट्सॲपवर नावाआधी ‘डॉ.’. आल्या आल्या फरशीवर मांडी घालून बसला आणि बंड्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझी बायको तिथेच विरघळली. ‘काका, किडनी परत चालू करून देतो. हे इंजेक्शन नागपुरात कोणाकडंच नाही, हैदराबादहून येते.’ आधी सलाईन लावलं, मग त्या बॉक्समधून एक तपकिरी बाटली काढून लाल औषध सिरिंजमध्ये भरलं.

आणि बंड्या उठला! दोन दिवसांत वाटीभर भात खाल्ला, दूधवाल्याच्या आवाजावर फाटकापर्यंत गेला. हे कसं झालं ते मला फार उशिरा कळलं, ते आत्ताच तुम्हाला सांगतो. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असतं, त्यामुळेही क्रिएटिनिन चढलेलं असतं. सलाईन लावलं की तेवढा भाग खाली येतो, जनावराला तरतरी येते. ते ६०० रुपयांचं काम आहे. आणि सोबत स्टेरॉइड टोचलं तर भूक लागते. किडनी आहे तिथेच असते. म्हणजे त्या माणसाला काहीही येत नसलं तरी पहिल्या भेटीत तो देवासारखाच दिसणार.

आता तो रिपोर्ट. यावर मला रात्री झोप लागत नाही.

दुसऱ्या इंजेक्शननंतर मी म्हणालो, आपल्या डॉक्टरांकडे रक्त तपासून घेतो. लगेच म्हणाला, ‘नाही काका, इथल्या लॅबच्या मशिनी माणसांच्या असतात, रीडिंग चुकते.’ रक्त त्यानंच काढलं, २,३५० घेतले आणि दुसऱ्या दिवशी रात्री पीडीएफ पाठवली. क्रिएटिनिन ३.१. मी तो आकडा बोटांनी मोठा करून पाहिला, बायकोला दाखवला, मुलाला पुण्याला पाठवला. आणि त्याच पानावर, त्या आकड्याच्या चार बोटं वर, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: वय ६ वर्षं, लिंग मादी.

मी ते वाचलं होतं. नजरेतून सुटलं असं नाही. बायको म्हणाली, ‘अहो, आपला बंड्या पोट्टी निघाला!’ आणि आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी घरात कोणी हसत होतं.

फोन केला तर म्हणाला, ‘टायपिंग मिस्टेक काका, लॅबवरचं पोट्टं नवीन आहे.’ दहा मिनिटांत दुरुस्त रिपोर्ट आला. रात्री साडेनऊला! कोणती लॅब रात्री साडेनऊला दहा मिनिटांत रिपोर्ट बदलून देते? उभी नोकरी हिशेब खात्यात झाली माझी. एका आकड्यावर खाडाखोड दिसली की व्हाउचर परत पाठवायचो, लोक मला खडूस म्हणायचे. त्या रात्री मात्र मी त्याला ‘थँक्यू डॉक्टर’ असा मेसेज केला. तो अजून फोनमध्ये आहे, पुरावा म्हणून ठेवावा लागतो.

मी भोळा नाही. ओटीपी मागणाऱ्याला मी असा झापतो की तोच फोन ठेवतो. पण आपल्याला जे काही शिकवतात ते फोनच्या पलीकडच्या चोराबद्दल. आपल्या फरशीवर बसून आपल्या कुत्र्याची उलटी स्वतःच्या रुमालानं पुसणाऱ्या चोराबद्दल कोणी शिकवत नाही. यूपीआयवर पैसे टाकताना स्क्रीनवर एका बाईचं नाव येत होतं. ‘मिसेसचं अकाउंट आहे’ म्हणाला. असतात की लोकांची अशी अकाउंटं. तरीही सांगतो: डॉक्टर एक, खातं भलत्याचं, असं दिसलं की पैसे टाकू नका. चेहरे वाईट होतील तर होऊ द्या.

चौथ्या इंजेक्शननंतर ‘आता पक्का इलाज’ म्हणून स्टेम सेल निघाले. बुकिंगचे २५,०००, आधीच भरायचे. भरले. मग आज येते, उद्या येते. एक दिवस सांगितलं, ‘माल कस्टममध्ये अडकला.’ हैदराबादहून नागपूरला येणारा माल कस्टममध्ये! त्यानंतर फोन बंद.

बंड्या पुन्हा आडवा झाला. तोंडात फोड आलेले, उभं राहवेना. जुन्या डॉक्टरांकडे तोंड लपवत गेलो. क्रिएटिनिन ९.४. ते एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त विचारलं, ‘काय टोचलं ते कळेल का?’

एक रिकामी बाटली बायकोनं कुंडीत रोप लावायला म्हणून बाजूला ठेवली होती. तीच हाती लागली. लेबल काढलेलं. नुसतं सोललेलं नाही, स्पिरिटनं घासून काढलेलं, काचेवर डिंकाचे चिकट पट्टे राहिलेले आणि कडेला जांभळ्या शाईतले बॅच नंबरचे अर्धवट आकडे. तळाशी दोन थेंब लाल. धंतोलीत ओळखीचे एक केमिस्ट आहेत, त्यांनी उजेडात धरून पाहिली. ‘काका, पक्कं नाही सांगता येत, पण हे माणसांच्या बी-ट्वेल्व्हसारखं वाटून राहिलं. काहीही असो, साडेआठ हजाराचं नाही, एवढं पक्कं.’ इंजेक्शन भरण्याआधी लेबलचा फोटो काढा. नाव, बॅच, मुदत. काढू देत नसेल तर सुई जनावराला लागता कामा नये. आणि औषधाचं बिल दुकानाचं हवं, वहीच्या कागदावरचं नको.

बंड्या जूनमध्ये गेला. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आता साहेब लोकांचं ऐका. ठाण्यात गेलो. नाव लिहीत नाही, सगळीकडे हेच झालं असतं. हवालदार आधी बाजूच्याला म्हणाला, ‘कुत्र्याचं मॅटर आहे.’ मग मला, ‘त्यानं मागितले, तुम्ही दिले, यात फसवणूक कुठं आली काका?’ मी कलम सांगितलं, भारतीय न्याय संहिता ३१८, उपकलम ४. तो म्हणाला, ‘चारशेवीस म्हणा न, नवीन नंबर कोणाला पाठ आहे.’ नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, पाठ मला आहे. शेवटी अर्जावर शिक्का मारून दिला. एफआयआर नाही. पैसे यूपीआयनं गेले म्हणजे सायबरकडे जा, म्हणाले. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, ऑनलाइन तक्रारही केली. तिकडून उत्तर, माणूस तुमच्या घरी आला होता, तुम्ही स्वतः पिन टाकला, ठाण्यात जा. बँक म्हणाली, व्यवहार तुमच्या संमतीनं झाला. पुन्हा ठाण्यात गेलो, तर ते साहेब बंदोबस्ताला गेलेले.

मग जनावरांच्या डॉक्टरांच्या नोंदणीशी संबंधित एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या बाई सभ्य होत्या. यादी पाहिली, हे नाव नाही म्हणाल्या. मी म्हणालो, तेच तर सांगतोय! ‘नोंदणी असती तर नोंदणीवर कारवाई केली असती. नाही तर पोलिसांकडे जा.’ म्हणजे डॉक्टर खरा असून चुकला असता तर पकडता आला असता. मुळात डॉक्टरच नाही म्हणून सुटला. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, त्याच्या कलम ३० मध्ये लिहिलंय की नोंदणी असलेल्यालाच पशुवैद्यकी करता येते. डिप्लोमावाल्यांना किरकोळ कामं, तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. मी कलमाची झेरॉक्स नेली होती. तिलाही शिक्का मारून दिला. शिक्क्यांना मात्र या शहरात कमी नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता उरला आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. पण समोरच्याचा पत्ता हवा. माझ्याकडे बंद नंबर आहे, एका बाईचं नाव आहे आणि एक घासलेली बाटली आहे. तुम्ही पहिल्याच भेटीत नोंदणी क्रमांक आणि दवाखान्याचा पत्ता लिहून घ्या. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची पदवी, झालेला खरा माणूस नंबर सांगायला लाजत नाही. माझ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो इतकी वर्षं छापलेला होता, मी कधी वाचला नाही.

आणि पैसे कमी असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. मी सांगितलं नाही, मला लाज वाटली. नंतर तेच डॉक्टर म्हणाले, ‘आधी बोलले असते तर कातडीखाली सलाईन द्यायला घरीच शिकवलं असतं.’ शिकवलंही, शेवटच्या दिवसांत. मानेची कातडी चिमटीत उचलायची, सुई आडवी घालायची, बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची. बायकोला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात, आपल्या मनानं नाही. आपली दुखण्याची गोळी तर कुत्र्याला अजिबात देऊ नका, चांगली किडनीही जाते.

रक्त तपासायचं तर लॅब आपण निवडायची. रिपोर्टवर आकडा नंतर पाहा, आधी नाव, वय आणि नर की मादी ते पाहा.

माणूस पस्तीस-चाळिशीचा, बारीक, बोलायला गोड, डाव्या मनगटावर लाल धागा, पांढरी स्कूटर, निळी आइसबॉक्स. प्रत्येक वाक्यात ‘काका’ नाहीतर ‘काकू’. माझ्यासारखे आणखी असणारच. लाजेनं गप्प बसले असतील. तुमच्याकडे त्याचा चालू नंबर, स्कूटरचा नंबर किंवा पैसे भरल्याची पावती असेल तर मला मेसेज करा. एकट्याच्या अर्जाला शिक्का मिळतो, चार-पाच जण मिळून गेलो तर वरच्या साहेबांना एफआयआर टाळणं जड जाईल. माझी फाईल तयार आहे, रिपोर्टच्या दोन्ही प्रती, मादीवाली आणि दुरुस्त केलेली, सगळ्यात वर लावल्यात.