इंदूरच्या भंवरकुआजवळची लायब्ररी: ड्रॉपवाल्यांसाठी चालेल?

आयआयएम इंदूरच्या आयपीएमच्या (बारावीनंतरचा पाच वर्षांचा मॅनेजमेंट कोर्स) यादीत नाव आलं नाही. बाबांचं म्हणणं, मिळतंय तिथे बीकॉम कर. आईनं ड्रॉप, म्हणजे परत परीक्षा द्यायला एक वर्ष, घेऊ दिलं. रामबागेतल्या घरी आजीच्या मालिका जोरात, म्हणून ही जागा लावली. लायब्ररी नुसती म्हणायला, पुस्तक एकही नाही. लाकडी कप्पे, प्रत्येकाला दिवा आणि प्लग, महिना ९०० रुपये.

एसी इतका गार, की भर पावसाळ्यात मी आईची शाल घेऊन बसते. मालकभैयांना सांगितलं तर म्हणाले, "दीदी, ठंडक के ही तो पैसे हैं!" घ्या!

पण शांतता अस्सल. आयपीमॅटचे, म्हणजे आयपीएमच्या प्रवेश परीक्षेचे, तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. हे घरी अंगवळणी पडणं कठीण. इथे सलग बसता येतं. पर्याय नसलेल्या गणितांना निगेटिव्ह मार्किंग नाही, पहिल्या वर्षी मी ती कोरी सोडायची. आता काहीतरी लिहितेच. शेजारी जेईईवाले, म्हणजे आयआयटीची प्रवेश परीक्षा देणारे. अ‍ॅडव्हान्स्ड ही तिची दुसरी पायरी लागोपाठ दोनच वर्षं देता येते, त्यामुळे ते चहालाही उठत नाहीत.

वाय-फाय दुपारी हमखास मान टाकतं, मॉक (सराव परीक्षा) असेल तर स्वतःचा डेटा ठेवा. डबा जिन्यात बसून खावा लागतो. शंका विचारायला कुणी नाही, तेवढ्यासाठी क्लासच लावा. जागा घ्याल तर खिडकीकडची मागा, तिथे एसीचा झोत पोचत नाही.