गॅप: ग्रुप थिअरी शिकताना हाताशी हवंच असं सॉफ्टवेअर

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा घेतलेल्यांनी गॅप जरूर वापरावं. जर्मनीतल्या आखेनमध्ये 1986 साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. दिसायला रुक्ष, सगळं टाइप करायचं. पण त्याचा उपयोग फार मोठा.

एस-4 (चार वस्तूंच्या सगळ्या परम्युटेशनचा, म्हणजे अदलाबदलींचा ग्रुप) दिला की त्याचे 30 सबग्रुप आणि त्यातले नॉर्मल फक्त 4, हे क्षणात समोर येतं. लाग्रांजचं प्रमेय सांगतं की सबग्रुपची ऑर्डर, म्हणजे सदस्यसंख्या, ग्रुपच्या ऑर्डरला भागते; त्याचा व्यत्यास खोटा का, हेही पडताळता येतं: ए-4 (एस-4 मधल्या सम परम्युटेशनचा सबग्रुप) ची ऑर्डर 12, तिला 6 ने भाग जातो, तरी सबग्रुपच्या यादीत 6 ऑर्डरचा एकही नाही. ही यादी डोळ्यांनी बघितली की मग सिद्धता वाचायला खरी गोडी लागते.

घोटाळा होतो तो गुणाकारात. गॅप परम्युटेशन डावीकडून उजवीकडे लावतं. (1 2) गुणिले (1 3) चं उत्तर इथे (1 2 3). उजवीकडून सुरुवात करणाऱ्या पुस्तकात (1 3 2). परीक्षेआधी आपल्या सरांची पद्धत कोणती ते बघूनच उत्तरं ताडा.

डायहेड्रल ग्रुपला (नियमित बहुभुजाच्या सममितींचा ग्रुप) आकडा ऑर्डरचा द्यायचा. चौरसाच्या सममितींसाठी 8. चुकून 4 दिला तर एरर न येता 4 ऑर्डरचा क्लाइन ग्रुप मिळतो!

रचनेचं वर्णन देणाऱ्या कमांडवर विसंबू नका. गॅपमधल्या 16 ऑर्डरच्या ग्रुपच्या यादीतले 3 आणि 13 क्रमांकाचे ग्रुप आयसोमॉर्फिक (रचनेने एकसारखे) नाहीत, तरी वर्णन एकच येतं. आयसोमॉर्फिझम शोधणारी वेगळी कमांड आहे, ती चालवा.