पानांचं कडं: सांगाडा तारेचा की वेलींचा?

दारावर हिरव्या पानांचं गोल कडं लावायचंय, पण सांगाडा तारेचा घ्यावा की वेलींचा वळावा, असं एका मैत्रिणीने विचारलं.

खर्चात वेल सरस. छाटणीतल्या लवचिक वेली फुकटच मिळतात. तार विकत घ्यावी लागते, पण गंजू दिली नाही तर तेच कडं पुढच्या मोसमालाही चालतं.

खरा फरक पानांच्या गरजेत आहे. तार उघडी पडली की वाईट दिसते, म्हणून पूर्ण झाकावी लागते. छोट्या जुड्या करायच्या, प्रत्येक जुडीने आधीच्या जुडीचे देठ झाकायचे आणि बारीक तार न तोडता गुंडाळत जायचं. यात पानं भरपूर खपतात. वेलींचं कडं मात्र उघडंही देखणं दिसतं. एका बाजूला चार डहाळ्या खोचल्या तरी पुरतं. मला तेच जास्त आवडतं. फक्त वेल ओली असतानाच वळा आणि नीट वाळू द्या, कारण सुकताना ती आकसते आणि घाईने बांधलेली पानं सैल पडतात.

दाट, भरगच्च कडं दरवर्षी हवं असेल तर तार घ्या. पानं थोडी आणि हाताशी वेळ असेल तर वेल. लांब माळेला दोन्ही नकोत, सुतळी घ्या.