दवाखान्याच्या चार दारांवरील कार्ड-कुलूप यंत्रणा आणि सुरक्षारक्षक सेवा : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या ६० खाटांच्या धर्मादाय दवाखान्याचे प्रशासन मी सांभाळतो. चौदा महिन्यांपूर्वी आम्ही नागपूरच्या एका एजन्सीकडून प्रवेश-नियंत्रणाची यंत्रणा बसवून घेतली आणि तिच्याच मार्फत सहा सुरक्षारक्षक नेमले. प्रसूती विभाग आणि त्याला लागून असलेला नवजात शिशू कक्ष यांचे सामाईक दार, शस्त्रक्रियागृहाकडे जाणारी मार्गिका, औषध भांडार आणि रात्रपाळीच्या डॉक्टर-परिचारिकांची विश्रांतीची खोली अशी चार दारे कार्डाने उघडतात. आठ कॅमेरे, वायरिंग आणि मजुरी धरून खर्च दोन लाखांच्या थोडा वर गेला. रक्षकांचा मासिक खर्च वेगळा. आमच्यासारख्या लहान दवाखान्यांतील सहकारी या यंत्रणेविषयी वरचेवर विचारणा करतात, म्हणून जे चांगले निघाले आणि जे आम्हाला पदरचे पैसे घालून दुरुस्त करावे लागले, ते दोन्ही येथे सविस्तर लिहितो.

खरेदीचा निर्णय विश्वस्तांनी ऑगस्ट २०२४ नंतर घेतला. कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ९ ऑगस्ट रोजी कर्तव्यावरील प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीवर झालेल्या अत्याचाराने आणि तिच्या हत्येने आमच्या परिचारिका हादरून गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले, तेव्हा आमच्या दवाखान्यात रात्री विश्रांतीच्या खोलीला आतून धड कडीसुद्धा नव्हती. सर्वांत आधी ते दार दुरुस्त केले. आता त्याला बाहेरून कार्ड लागते, आतून भक्कम कडी आहे आणि पलंगाशेजारी एक बटण आहे, जे दाबताच रक्षकाच्या टेबलावर घंटा वाजते. चौदा महिन्यांत या दाराने एकदाही त्रास दिला नाही. बाकी यंत्रणा घेण्याची कुवत नसेल, तर निदान एवढे एक दार प्रत्येक दवाखान्याने करावे, असे मी मनापासून सांगतो.

इतर दारांची कथा इतकी सरळ नाही. एजन्सीने चारही दारांना २८० किलो ताकदीची विद्युतचुंबकीय कुलपे लावली होती. या कुलपात वीज वाहत असते तोवर चौकटीवरचे चुंबक दाराची लोखंडी पट्टी धरून ठेवते आणि वीज तुटताक्षणी दार मोकळे होते. माणसे ज्या दारातून जीव वाचवायला बाहेर पडतील त्या दाराला हाच गुण हवा असतो. पण औषध भांडाराला तोच गुण घातक ठरतो. जून महिन्यातल्या एका वादळी रात्री तारांवर झाड पडले आणि आमच्या फिडरची वीज गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. जनरेटर सुरू झाला, वॉर्डातले दिवे लागले, शस्त्रक्रियागृह चालू राहिले; मात्र कुलपांची लाइन जनरेटरवर घेतलेली नव्हती आणि चारही कुलपांना मिळून १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एकच बॅटरी दिलेली होती. असे एक कुलूप साधारण अर्धा अँपिअर वीज खाते, म्हणजे चार कुलपांना दोन अँपिअर लागतात. कागदावरच्या हिशेबाने ती बॅटरी साडेतीन तास टिकायला हवी. प्रत्यक्षात तीन तासही पुरे झाले नाहीत. पहाटे फेरीवर असलेल्या सिस्टरने भांडाराचे दार नुसत्या हाताने ढकलले तरी उघडते, हे पाहिले आणि मला फोन केला.

त्या रात्री काही चोरीला गेले नाही. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी नियंत्रित औषधे आत वेगळ्या लोखंडी कपाटात दुहेरी कुलपाखाली असतात, त्यांच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे असतात आणि प्रत्येक अँप्यूलची नोंदवहीत नोंद होते. पण त्या दुहेरी कुलपाची जुनी शिस्त नसती तर काय झाले असते, या विचाराने मला त्यानंतर कित्येक दिवस झोप लागली नाही. कोणत्या दाराला वीज गेल्यावर उघडणारे कुलूप हवे आणि कोणत्या दाराला वीज गेल्यावरही बंद राहणारे, हा प्रश्न एजन्सीच्या माणसाने आम्हाला विचारलाच नव्हता, आणि आम्हालाही तो सुचला नाही. आता भांडाराला विजेच्या इशाऱ्यावर सुटणारी खिटी बसवली आहे. वीज नसेल तेव्हा बाहेरून ती फक्त किल्लीने उघडते, आणि आतल्या माणसाला साधी मूठ फिरवून केव्हाही बाहेर येता येते. उरलेल्या तीन दारांना प्रत्येकी स्वतंत्र बॅटरी दिली आणि सगळी लाइन जनरेटरवर घेतली. हा खर्च मूळ कोटेशनमध्ये असायला हवा होता. तो आम्हाला वेगळा करावा लागला, आणि ही माझी या एजन्सीबद्दलची पहिली तक्रार आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, कारण ती आगीविषयी आहे. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला, हे विदर्भातल्या कोणत्याही दवाखान्याला विसरता येणार नाही. आमच्या नवजात शिशू कक्षाला आपण कुलूप लावतो आहोत, या जाणिवेने मी एजन्सीला पहिल्याच बैठकीत विचारले होते की आगीची घंटा वाजली तर दार आपोआप सुटेल का. उत्तर होकारार्थी मिळाले. यंत्रणा सुरू होण्याच्या दिवशी मी धूर-संवेदकाखाली उदबत्त्यांचा जुडगा धरला. घंटा वाजली, पण दार सुटले नाही. धूर-संवेदकाचा संदेश आधी संगणकावरच्या सॉफ्टवेअरला जायचा आणि सॉफ्टवेअरने कुलपाला आज्ञा द्यायची, अशी ती जोडणी होती, आणि त्या वेळी संगणक बंद होता. ज्या क्षणी सर्व काही बिघडलेले असण्याची शक्यता असते, त्या क्षणासाठी दार संगणकावर अवलंबून ठेवणे मला मुळीच मान्य नव्हते. आम्ही काम थांबवून जोडणी बदलायला लावली. आता अग्निसूचना पॅनेलमधील रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारी कळ) कुलपाकडे जाणारी वीजच थेट तोडतो, मध्ये संगणक येत नाही. शिवाय दाराच्या आतल्या बाजूला काच दाबून वीज तोडण्याचे हिरवे बटण आहे, आणि तेही कुलपाच्या तारेवरच बसवलेले आहे. ज्या बाजूने माणसे बाहेर पडणार त्या बाजूने निकासाचे दार किल्लीविना उघडले पाहिजे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते; कार्डाचे दार बसवणाऱ्या प्रत्येकाने ही अट कोटेशनमध्ये लेखी घ्यावी. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घंटा वाजवून तिन्ही दारे सुटतात का ते पाहतो आणि वहीत सही करतो. चौदा महिन्यांत एकदा प्रसूती विभागाचे दार सुटले, पण पावसाने फुगलेले लाकूड चौकटीला घासल्यामुळे ते पूर्ण उघडले नाही. सुताराला बोलावून त्याच दिवशी ते तासून घेतले. असे दोष फक्त तालमीतच सापडतात.

कार्डांविषयी थोडक्यात. एजन्सीने सुरुवातीला सर्व कर्मचाऱ्यांसाठी बोटांच्या ठशांचे यंत्र सुचवले होते. आमच्याकडच्या मावशी आणि सफाई कामगार भगिनी सकाळी दवाखान्यात आणि हंगामात दुपारनंतर वावरात राबतात; कापूस वेचून आणि फिनाइलचे पाणी हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. पहिल्या आठवड्यातच त्यांच्यापैकी अनेकींना यंत्राने ओळखले नाही आणि त्या दारात अवघडून उभ्या राहिल्या. त्यांना दोष नसताना तसे उभे राहावे लागले, याचे मला वाईट वाटले, आणि आम्ही यंत्र काढून सर्वांना कार्डे दिली. कार्डे घेताना १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारी स्वस्त कार्डे टाळावीत, कारण त्यांची नक्कल हातात मावणाऱ्या स्वस्त यंत्रावरही होते; १३.५६ मेगाहर्ट्झची, सांकेतिक सुरक्षा असलेली कार्डे थोडी महाग पडतात, पण तीच घ्यावीत. नोकरी सोडलेल्या माणसाचे कार्ड त्याच दिवशी बंद करणे हे काम मात्र कोणतीही यंत्रणा आपोआप करत नाही. ते मी स्वतःकडे ठेवले आहे.

आता सुरक्षारक्षकांकडे वळतो, कारण चांगले-वाईट जे घडते ते शेवटी दारावरच्या माणसावर येऊन ठरते. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याखालच्या आदर्श नियमांत रक्षकाला १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण सांगितले आहे. आमच्याकडे आलेल्या सहांपैकी दोघांनीच प्रमाणपत्र दाखवले. उरलेल्या चौघांना गणवेश, शिट्टी आणि टॉर्च देऊन थेट दारावर उभे केले होते. ही माझी तिसरी तक्रार. दवाखान्याचे दार कापसाच्या जिनिंगच्या दारासारखे राखता येत नाही, हे त्यांना शिकवायला आमच्या मेट्रन सिस्टरनी दोन आठवडे खर्च केले.

त्या शिकवणीचे फळ गेल्या सप्टेंबरात दिसले. फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाची विषबाधा झालेला एक तरुण शेतकरी रात्री टेम्पोतून आणला गेला आणि त्याच्याबरोबर गावातली तीस-पस्तीस माणसे आली. दोन वर्षांपूर्वी अशाच प्रसंगी अपघात विभागाच्या काचा फुटल्या होत्या. या वेळी दारावर असलेल्या निवृत्त जवानाने रुग्णाबरोबर त्याच्या भावाला लगेच आत सोडले आणि वडिलांना खुर्ची देऊन म्हणाला, "काकाजी, बसा जरासे, डॉक्टरसाहेब आत्ताच येऊन सांगतीन." आणि अर्ध्या तासाने डॉक्टर खरोखरच बाहेर आले, पुन्हा अर्ध्या तासाने सिस्टर आल्या, असे पहाटेपर्यंत चालले. कोणाचाही आवाज चढला नाही. अपघात विभागाला आम्ही जाणीवपूर्वक कार्डाचे कुलूप लावलेले नाही, आणि त्या रात्रीनंतर तो निर्णय योग्य होता याची खात्री पटली. महाराष्ट्राच्या २०१० च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्यात हल्ल्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड आणि नुकसान झालेल्या उपकरणाच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आहे. तो फलक आमच्याही भिंतीवर आहे, पण काचा फुटल्या तेव्हाही तो तिथेच होता. आत काय चालले आहे हे न कळल्याने माणसे बिथरतात, आणि ते कळवण्याची व्यवस्था कुलपाबरोबर विकत मिळत नाही.

भेटीच्या पासांबाबत आमचीच चूक झाली, हे नमूद करतो. एजन्सीच्या सल्ल्याने आम्ही भेटीची वेळ दुपारी ४ ते ६ ठेवली. आसपासच्या गावांकडे जाणारी शेवटची एसटी पाचच्या आधी सुटते, हे आम्हाला ठाऊक असूनही लक्षात आले नाही. तीस किलोमीटरवरून आलेल्या एका मुलाने रक्षकाला विचारले, "पास नाही म्हणून मले मायले भेटू नाही देत काय?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आता सकाळी ११ ते १ अशीही वेळ आहे, आणि प्रत्येक रुग्णामागे एका नातेवाइकाला चोवीस तासांचा हिरवा पास मिळतो. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने आदिवासींना विचारून आपला माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांसारख्या रचनेचा केला, जिथे नातेवाईक रुग्णाजवळ राहू शकतात. आपल्याकडच्या माणसाला आजारात आपले माणूस जवळ लागते, हे त्यांनी फार आधी ओळखले होते. पाहुण्यांचे फोटो आणि ठसे घेण्याची एजन्सीची सूचना मात्र मी नाकारली. रंगीत कागदी पासावर आमचे काम उत्तम चालते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानंतर असा साठा बाळगण्याची जबाबदारी लहान दवाखान्याने विनाकारण का घ्यावी?

प्रसूती विभागाच्या दारावर दोन्ही पाळ्यांत महिला रक्षक आहे. बाळंतिणीबरोबर एका स्त्री-सोबतिणीला थांबू द्यावे, अशी केंद्र सरकारची २०१६ पासूनची सूचना आहे, त्यामुळे त्या सोबतिणीच्या मनगटावरही आई आणि बाळाच्या पट्टीचाच क्रमांक असतो. बाळ बाहेर नेताना तिन्ही क्रमांक आणि सुटीचा कागद जुळवून पाहिल्याशिवाय रक्षक दार उघडत नाही. यासाठी लागणाऱ्या पट्ट्यांचा खर्च नगण्य आहे, आणि संपूर्ण व्यवस्थेतील हा भाग मला सर्वाधिक समाधान देतो. कॅमेरे दारांवर आणि मार्गिकांवरच आहेत. प्रसूतिगृहात आणि तपासणीच्या खोलीत एकही नाही. चित्रण ३० दिवस राहते, स्पष्टता बरी आहे.

एकूण पाहता यंत्रे टिकाऊ निघाली, मेकॅनिक बोलावल्यावर साधारण दुसऱ्या दिवशी येतो, आणि रक्षकांचे वर्तन आता चांगले आहे. पाचपैकी मी साडेतीन गुण देईन. वजा केलेला दीड गुण बॅटरी, आगीची जोडणी आणि अप्रशिक्षित रक्षक यांचा आहे. वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. त्यात आम्ही तीन कलमे घातली आहेत : दर तीन महिन्यांनी बॅटऱ्यांची भारासह चाचणी, मासिक अग्नितालमीच्या वेळी एजन्सीच्या मेकॅनिकची हजेरी आणि प्रमाणपत्राशिवाय एकही नवा रक्षक नाही. पहिली दोन कलमे एजन्सीने मान्य केली आहेत, तिसऱ्यावर बोलणी सुरू आहेत, आणि ते मान्य झाल्याशिवाय मी करारावर सही करणार नाही.